काटेसाहेबांच्या दारावरचा कॅमेरा

काटेसाहेबांच्या घरात एक नियम होता. सकाळचा पेपर आधी काटेसाहेबांनी उघडायचा. दुसऱ्याने उघडलेला पेपर म्हणजे उष्टं अन्न, असं त्यांचं ठाम मत होतं. बातम्या त्याच, अक्षरं तीच, पण चव गेलेली. हा नियम कोणी केला आणि कधी केला हे विचारण्यात अर्थ नव्हता. घरातले बहुतेक नियम काटेसाहेबांनी केलेले होते आणि बहुतेक त्यांच्या पत्नीने पाळलेले होते.

तर एका सकाळी ते जांभई देत दाराशी आले, पायपुसण्यावरचा पेपर उचलला आणि जागच्या जागी थबकले. घडी तिरकी होती. आतलं पान उघडलं तर शब्दकोडं पेन्सिलीने भरलेलं. सगळं नाही, दोन-चार घरं रिकामी ठेवलेली, दया केल्यासारखी. काटेसाहेब स्वतः रोज कोडं घेऊन बसायचे. आडवे शब्द दोन-तीन जमले की चष्मा पुसायचे आणि कोडं करणाऱ्याला भाषा येत नाही असं जाहीर करायचे. या चोराला मात्र भाषा येत होती, अक्षरही वळणदार होतं, आणि हेच काटेसाहेबांना जास्त झोंबलं.

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून ते दुकानोदुकानी तराजूचे काटे तपासत हिंडायचे, म्हणून इमारतीने त्यांना हे नाव पाडलं होतं. त्यांनाही ते आवडायचं, कारण ते तोंडावर घेतलं जायचं. इमारतीत तोंडावर न घेतली जाणारी नावं बरीच होती. नोकरीत आयुष्य घालवल्यामुळे त्यांची एक खात्री झाली होती की जगात प्रत्येक माणूस कुठे ना कुठे तराजूखाली अंगठा लावून बसलेला असतो. फक्त योग्य बाजूने बघता आलं पाहिजे.

"कोणीतरी आपला पेपर वाचतं," त्यांनी पत्नीला सांगितलं.

"वाचला तर झिजला का?" ती ओट्यापाशी उभी राहून म्हणाली.

"प्रश्न झिजण्याचा नाही. तत्त्वाचा आहे."

तत्त्व हा शब्द आला की पत्नी गॅस मोठा करायची, म्हणजे भांड्याच्या आवाजात पुढचं ऐकू येत नसे. तसा तिने तो केला.

प्रकार रोजचाच झाला. पहाटे उठून चोर पकडावा असा सरळ उपाय होता, पण पहाट ही वेळ काटेसाहेबांनी फक्त ऐकलेली होती. गजर लावला की तो पत्नीला जागा करायचा, ती उठायची आणि काटेसाहेब कूस बदलायचे. मग सल्ले सुरू झाले. सल्ला मागावा लागत नाही हा मजल्यामजल्यांनी राहण्याचा मोठाच फायदा आहे. वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, पेपर बंद करा, नुसता डोक्याला ताप असतो. दाताचे डॉक्टर म्हणाले, दाराला पेटी बसवा, कुलपाची. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, लेखी तक्रार द्या, मी ती पुढे पाठवतो. पुढे म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही, कारण सेक्रेटरीच्या पुढे कोणी नव्हतंच. समोरच्या दारातल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी तेवढा सल्ला दिला नाही. ते म्हणाले, "असू द्या हो. कोडंच आहे." काटेसाहेबांनी हे वाक्य मनात टिपून ठेवलं.

शेवटी त्यांनी कॅमेरा लावायचं ठरवलं.

कॅमेरेवाल्याने दाराच्या वर ड्रिल टेकवलं आणि भिंत जरा कुरकुरली तोच सेक्रेटरी चप्पल न घालता जिना उतरून हजर झाले. भिंत कोणाची, असा त्यांचा सवाल होता. काटेसाहेब म्हणाले माझी. सेक्रेटरी म्हणाले, आतली बाजू तुमची, बाहेरची सोसायटीची. आणि खिळा कुणाच्या बाजूला संपतो, हे खिळा ठोकल्याशिवाय कळत नाही, म्हणून ठोकण्याआधी परवानगी लागते. या युक्तिवादात काहीतरी चूक आहे हे काटेसाहेबांना जाणवत होतं, पण ते स्वतः सरकारी खात्यातले असल्यामुळे असल्या वाक्यांपुढे त्यांची मान आपोआप झुकायची. अर्ज झाला. अर्जात खिळ्याची लांबी नव्हती म्हणून तो परत आला. लांबी लिहिली तर जाडी हवी होती. परवानगी मिळेपर्यंत कॅमेरा खोक्यात पडून होता आणि चोर कोडी सोडवत होता.

दुसऱ्यांदा आलेल्या कॅमेरेवाल्याने विचारलं, "साहेब, नक्की काय बघायचंय?"

"सगळं."

"पायपुसण्यावरचा पेपर बघायचा तर तोंड खाली करावं लागेल. मग समोरचं दिसणार नाही."

"पायपुसणं माझंच आहे, ते काय बघायचं," काटेसाहेब म्हणाले. "चोर आकाशातून पडत नाही. समोरून येतो, लिफ्टने येतो, जिन्याने येतो. तिकडे तोंड करा."

आयुष्यभर त्यांनी समोरच्याचा काटा बघितला होता. आपल्या बाजूला बघायची सवयच नव्हती, आणि खात्यातही तसं कोणी शिकवत नाही. स्टूल धरून उभ्या असलेल्या पत्नीने मात्र विचारलं, "म्हणजे आपल्या उंबऱ्यावरचं काहीच दिसणार नाही का?"

"काहीच नाही, वहिनी. बरोबर खालची जागा सगळी आंधळी."

"बरं," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी चहा टाकायला गेली.

कॅमेरा लागला आणि पहिला परिणाम समोरच्या दारावर झाला. पोस्टमास्तरांचं दार वर्षानुवर्षं उघडं असायचं. ते आत बनियनवर बसून रेडिओ ऐकायचे, काटेसाहेब कामावरून आले की तिथूनच "आलात का" म्हणायचे, आणि मग दोघे आपापल्या दारात उभे राहून जग कसं बिघडलंय यावर बोलायचे. आता ते दार बंद झालं. पोस्टमास्तरांचा मुलगा एकदा लिफ्टपाशी काटेसाहेबांना म्हणाला, "काका, तुमचा डोळा सरळ आमच्या हॉलमध्ये येतो. बाबा शर्ट घालून बसायला लागलेत घरात." काटेसाहेब म्हणाले, शर्ट घालण्यात वाईट काय आहे. मुलाने कॅमेऱ्याकडे बघितलं, ते चांगल्या नजरेने नाही.

पाठोपाठ सोसायटीची सभा झाली. तळमजल्यावरच्या वकीलबाईंनी खाजगीपणावर इतकं सुंदर भाषण केलं की खुद्द काटेसाहेबांना टाळी वाजवावीशी वाटली. माणूस लिफ्टमधून कोणत्या वेळी उतरतो, त्याच्या हातात कोणती पिशवी असते, हा त्याचा स्वतःचा प्रश्न आहे, असं त्या म्हणाल्या. मावशी म्हणाल्या, आम्ही काय चोर आहोत का. दाताचे डॉक्टर म्हणाले, आज दारावर लावलाय, उद्या न्हाणीघरात लावतील. कोणाच्या न्हाणीघरात, हे स्पष्ट झालं नाही, पण सगळे शहारले. शेवटी ठराव झाला तो असा: कॅमेरा राहू द्यावा, कारण खिळा आता ठोकलेला आहे, पण त्यातलं चित्रण कोणालाही, कोणत्याही कारणासाठी दाखवू नये.

त्याच संध्याकाळी काटेसाहेबांची बेल वाजली. दारात वकीलबाई होत्या.

"ठराव आपल्या जागी आहे," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण आमच्या कामवाल्या बाई आमच्याकडे अंग दुखतंय म्हणून येत नाहीत, आणि मला शंका आहे की त्या वर डॉक्टरांकडे जातात. जरा बघता का?"

काटेसाहेबांनी बघितलं. बाई जात होत्या. वकीलबाई त्यांचे आभार मानून गेल्या आणि जाताना म्हणाल्या की हे आपल्या दोघांतच राहू द्या. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. त्यांना आपली सून ऑफिसातून थेट घरी येते की लिफ्टपाशी कोणाशी बोलत उभी राहते, एवढंच हवं होतं. मग डॉक्टर आले, त्यांना जिन्यात थुंकणारा हवा होता. मग सेक्रेटरी आले. त्यांना काय हवं होतं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण चष्मा लावून ते पुष्कळ वेळ बघत बसले आणि उठताना समाधानी दिसले. ज्या तोंडांनी सभेत खाजगीपणाचं नाव घेतलं ती सगळी तोंडं एकेक करून काटेसाहेबांच्या मोबाइलवर वाकून गेली. प्रत्येकाला स्वतःचा खाजगीपणा हवा होता आणि दुसऱ्याचं चित्रण.

खरं सांगायचं तर काटेसाहेबांना हे सुख नवं होतं. खात्यात त्यांना बघून दुकानदार घाबरायचे, पण आदराने कोणी घरी आलं नव्हतं. आता लोक येत होते, हळू आवाजात बोलत होते, खुर्चीच्या कडेवर बसत होते. ते मान हलवून म्हणायचे, "खरं म्हणजे दाखवता येत नाही," आणि मग दाखवायचे. पत्नी चहा आणून ठेवायची आणि आत जायची. एकदा ती एवढंच म्हणाली, "लोकांच्या सुना बघून झाल्या की जेवायला या."

फोन ऑफिसातही वाजायचा. मजल्यावर कोणी आलं-गेलं की खिशात तो थरथरायचा. एकदा एका किराणा दुकानात ते तराजूवर वाकलेले असताना फोन थरथरला. त्यांनी बघितलं तर पोस्टमास्तर कचरा टाकायला निघाले होते. पोस्टमास्तर परत येईपर्यंत काटेसाहेब बघत राहिले. भानावर आले तेव्हा त्यांच्याच कोपराखाली तराजूचं पारडं दबलेलं होतं आणि दुकानदार हात बांधून म्हणत होता, "साहेब, काटा आता बरोबर आहे का?" काटेसाहेब तिथून घाम पुसत बाहेर पडले.

पण मूळ दुखणं जिथल्या तिथे होतं. कोडं रोज सुटतच होतं. एवढा कॅमेरा लावून चोर सापडत नाही म्हणजे इमारतीत आपलं हसं होणार, ही भीती त्यांना खायला लागली. लोक विचारूही लागले होते. "मिळाला का तुमचा विद्वान?" असं डॉक्टर रोज विचारायचे, आणि त्यांच्या विचारण्यात दाताच्या डॉक्टरला शोभेल असा एक आनंद असायचा.

मग एका रविवारी काटेसाहेबांनी लोकांच्या चौकशा बाजूला ठेवून पहाटेचं सगळं चित्रण लावून बसून बघितलं. पेपरवाला लिफ्टमधून येतो, पेपर फेकतो, पेपर चौकटीच्या खाली नाहीसा होतो. थोड्या वेळाने समोरचं दार उघडतं. पोस्टमास्तर दुधाच्या पिशव्या उचलतात. आत जात नाहीत. इकडे तिकडे बघून काटेसाहेबांच्या दाराच्या दिशेने येतात आणि कॅमेऱ्याच्या खाली दिसेनासे होतात. काही वेळाने परत दिसतात, ते हसत हसत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि हसू तेच.

"सापडला," काटेसाहेब म्हणाले.

पत्नी दारात येऊन उभी राहिली. तिने मोबाइलमध्ये डोकावलं आणि तिचा चेहरा उतरला. "पोस्टमास्तर तसे नाहीत," ती म्हणाली. "अहो, मी काय म्हणते, ऐका तर जरा."

"तू यात पडू नकोस. माझ्याकडे पुरावा आहे."

"पुरावा बाजूला ठेवा. मला तुम्हाला सांगायचंय."

"मी अंघोळ करून येतो आणि त्यांच्याशी बोलतो," काटेसाहेब म्हणाले, आणि टॉवेल घेऊन गेले.

बोलणं लिफ्टपाशी झालं. मावशी आणि डॉक्टर तिथे नेमके होते, म्हणजे काटेसाहेबांनी ते असतील अशीच वेळ निवडली होती. त्यांनी पोस्टमास्तरांना सरळ विचारलं, "रोज पहाटे माझ्या दाराशी येऊन काय करता?"

पोस्टमास्तरांनी काटेसाहेबांच्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे दार अर्धवट उघडं होतं आणि तिथे काटेसाहेबांची पत्नी उभी होती. पोस्टमास्तर म्हणाले, "काही नाही. पाय मोकळे करतो."

"माझ्या दाराशी?"

"हो. तिथे बरं वाटतं."

मावशींनी डॉक्टरांकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत पोस्टमास्तर पेपरचोर असल्याचं तळमजल्यापर्यंत पोचलं होतं. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांची बंद पाकिटं हाताळली त्याला आता म्हातारपणी दुसऱ्याचं वाचायची चटक लागली, असं वकीलबाई म्हणाल्या. पोस्टमास्तर खाली फिरायला जायचे बंद झाले. काटेसाहेबांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता आणि तो थोडा झालाही, पण कामावरून आल्यावर समोरून "आलात का" असं कोणी म्हणेना, आणि ते किल्ली शोधायच्या निमित्ताने दाराबाहेर उगाच रेंगाळायचे.

त्याच आठवड्यात पोस्टमास्तरांच्या मुलाने सभेची मागणी केली. सभा सेक्रेटरींच्या हॉलमध्ये भरली, कारण त्यांच्याकडे सर्वांत मोठा टीव्ही होता. एवढी गर्दी पाण्याच्या प्रश्नावरही कधी झाली नव्हती. पोस्टमास्तर कोपऱ्यात बसले होते. ते मुलाला दोनदा म्हणाले, "अरे, राहू दे." मुलगा ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

"यांचा कॅमेरा लागला त्याच आठवड्यात मीही एक लावला," तो म्हणाला. "आमच्या नावाच्या पाटीमागे. छोटा आहे, दिसत नाही. कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. यांचा आमच्या दारावर डोळा, तर आमचा यांच्या दारावर. लावला आणि विसरून गेलो होतो. आता बाबांवर आळ आला म्हणून उघडून बघितला."

चोरून लावलेल्या या दुसऱ्या कॅमेऱ्याबद्दल कोणीतरी हरकत घेईल असं काटेसाहेबांना वाटलं. त्यांनी वकीलबाईंकडे बघितलं. वकीलबाई नीट दिसावं म्हणून खुर्ची पुढे ओढत होत्या.

टीव्हीवर काटेसाहेबांचं दार दिसायला लागलं. पेपर येऊन पायपुसण्यावर पडला. दार आतून हळूच उघडलं आणि काटेसाहेबांची पत्नी बाहेर आली. तिच्या हातात चहाचा कप होता आणि कानावर पेन्सिल. तिने उंबऱ्यावर बसकण मारली, पाय लांब केले आणि पेपर उघडला.

हॉलमध्ये एकदम कुजबुज झाली आणि मग कोणीतरी खुदकन हसलं. काटेसाहेबांनी मागे वळून पत्नीकडे बघितलं. ती मागच्या रांगेत मावशींशेजारी बसली होती.

"मी सांगायला आले होते," ती सगळ्यांसमोर म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "आधी उघडायचा नाही म्हणालात, म्हणून परत घडी घालून ठेवत होते. घडी कशीबशी जमायची, पण कोडं दिसलं की राहवायचं नाही. तुम्ही सगळ्या बिल्डिंगला विचारलंत. मला विचारलं नाहीत."

पोस्टमास्तरांचा मुलगा हात पसरून म्हणाला, "झालं? माझे वडील चोर नाहीत." प्रश्न इथे मिटला होता. टीव्ही बंद करून चहा मागवावा आणि आपापल्या घरी जावं अशी ती वेळ होती. पण सेक्रेटरी म्हणाले, पुरावा अर्धवट बघणं नियमाला धरून नाही. कोणीच उठलं नाही.

चित्रण पुढे चाललं. समोरून पोस्टमास्तर दुधाच्या पिशव्या घेऊन आले. तिने मान वर न करता त्यांना काहीतरी विचारलं. ते पिशव्या पोटाशी धरून विचार करत उभे राहिले, मग काहीतरी म्हणाले. तिने पेन्सिलीने घरं भरली. शब्द बसला असावा, कारण ती मान मागे टाकून हसली. पोस्टमास्तरही हसले आणि आपल्या दाराकडे गेले.

"रोज पहाटे का हो हे?" मावशींनी विचारलं. त्यांनी कोणाला विचारलं ते कळलं नाही, पण हॉलमधल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच प्रश्न उमटला आणि प्रत्येकाला तो गोड लागला. पोस्टमास्तरांनी खाली बघितलं. आता त्यांच्या मुलाचाही चेहरा पडला होता. वडिलांना आळातून सोडवायला आणलेलं चित्रण भलत्याच दिशेला निघालं होतं हे त्याला उशिरा कळलं.

काटेसाहेब मात्र टीव्हीकडे बघत होते. पोस्टमास्तर गेल्यावर ती एकटीच राहिली होती. कुठली तरी बातमी वाचत होती, ओठ हलत होते. वाचता वाचता तिला परत हसू आलं, एकटीलाच, आणि तिने तोंडावर हात धरला, घरातलं कोणी जागं होऊ नये म्हणून. घरात तिच्याशिवाय एकच माणूस होता. काटेसाहेबांना ते हसू ओळखीचं वाटलं नाही. इतकी वर्षं एका छपराखाली काढून आपल्याला हे एकदाही दिसलं नाही, आणि आता ते अख्ख्या इमारतीसोबत मोठ्या टीव्हीवर बघावं लागतंय. ज्याला चोरी म्हणत होतो ती दिवसातली तिची एवढीच वेळ होती. ती त्यांनी स्वतः परवानगी काढून, खिळ्याची लांबी आणि जाडी लिहून देऊन चव्हाट्यावर आणली होती. त्यांनी मागे बघितलं. पत्नी मांडीवरच्या हातांकडे बघत बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका तिच्याकडे आणि टीव्हीकडे आळीपाळीने बघत होत्या.

"बंद करा," काटेसाहेब म्हणाले.

कोणी हललं नाही. "बंद करा हो ते," ते परत म्हणाले, "माझी तक्रार मी मागे घेतो. लेखी देतो."

"थांबा हो," मावशी म्हणाल्या, "एवढी कशाला हसली ते तर बघू."

"रिमोट कुठे आहे?"

रिमोट सेक्रेटरींच्या हातात होता आणि सेक्रेटरी टीव्हीत हरवलेले होते. काटेसाहेब उठले. रांगांमधून वाट काढत, कोणाच्या तरी पायावर पाय देत ते पुढे गेले आणि टीव्हीकडे पाठ करून त्याच्यापुढे उभे राहिले. पडदा मोठा होता आणि ते अंगाने बेताचेच होते, म्हणून त्यांनी दोन्ही हात बाजूंना पसरले. त्यांना कोणाला काही सांगायचं नव्हतं. नुसतं पडद्यावरच्या तिच्यापुढे आडवं उभं राहायचं होतं. मागच्या रांगेतून पत्नीने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"काटेसाहेब," गर्दीतून दाताचे डॉक्टर म्हणाले, "जरा बाजूला व्हा ना. दिसत नाही."